सोमवार पाळणारं कुत्रं

आमच्या गल्लीत सगळ्यात सोवळं कोण असं कुणी विचारलं असतं, तर लोकांनी आमच्या कुत्र्याकडं बोट दाखवलं असतं. जमादार त्याचं नाव. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते कुंभारीच्या एका धनगराकडनं आणलं तेव्हा टोपीत मावत होतं. वर्षभरात ते एवढं उंच झालं की मी उकिडवा बसलो तर त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर यायचं. आमचं घर लिंगायताचं. घरात अंडं सोडा, अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. जमादारला मिळायचं ते ताकातली ज्वारीची भाकरी, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि सोमवारी आमच्यासारखाच उपास. संध्याकाळची पूजा झाल्याशिवाय अव्वा, म्हणजे माझी आई, त्याच्या पुढ्यात काही टाकायची नाही. ते बिचारं लाळ गाळत देवळीकडं टक लावून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, काय भक्ती आहे बघा. अव्वाचं माहेर दुधनीचं, त्यामुळं अभिमान अनावर झाला की ती कानडीत शिरायची. कुणी कुत्र्याचं कौतुक केलं की दोनदा कानडीत आणि एकदा मराठीत सांगायची, की आमचा जमादार मांसाला तोंड लावत नाही, हुंगतसुद्धा नाही. गल्लीला हे पटलं होतं. लिंगायताच्या घरचं खाऊन कुत्रं हिंसा करेलच कसं, असा साधा हिशेब होता. माणसावर एवढा विश्वास आमच्या गल्लीत कुणी ठेवत नव्हतं.

पहाटे मिलचा पहिला भोंगा झाला की गल्ली खोकायला लागायची. आधी आप्पा खोकायचे, मग पलीकडचा राजन्ना, मग टांग्याचा घोडा. राजन्ना तेलुगू विणकर, घरात दोन माग. उजाडलं की तो आणि त्याची माणसं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या धाग्यांचा ताणा ओढून बांधायची आणि त्यावर तांदळाची पातळ खळ कुंच्यानं फिरवत पुढं-मागं पळायची. त्याला पाजणी म्हणायचे. पाजणी चालू असली की आम्हाला शाळेला जाताना वाकून धाग्यांखालनं जावं लागायचं आणि डोक्यावर खळ ठिबकायची. घरात मागांची खटखट, अव्वाच्या परातीत भाकरीची थापथाप. दोन्हींचा ठेका कधीमधी जुळायचा आणि मग मला उगाच हसू यायचं. राजन्नाची बायको नरसाक्का. तिला मूलबाळ नव्हतं, एक म्हातारं काळं कुत्रं होतं. त्याला ती नल्ला म्हणायची, तेलुगूत काळा. नल्ला दिवसभर ताण्याखाली पडून राहायचा आणि जमिनीवर सांडलेली खळ चाटायचा. अंगावर खळ वाळून त्याचे केस टोपीला कांजी केल्यासारखे कडक उभे असायचे.

आता माझ्याबद्दल. मी शिकण्यात बेताचा, पण आवाज काढण्यात पटाईत. आमचे हेडमास्तर नाकात बोलायचे, इन्स्पेक्टर शाळेत आला की ते आणखी नाकात बोलायचे, आणि मी ते दोन्ही प्रकार वेगवेगळे करून दाखवायचो. मागाचा खटखटाट, गळक्या नळाचं कण्हणं, राजन्नाचं तेलुगूतलं भांडण, जे मला एक अक्षर कळत नव्हतं पण जसंच्या तसं यायचं. नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला एक नक्कल केली की अर्धा कप चहा मिळायचा. अव्वा म्हणायची, तम्मा, तुझा स्वतःचा आवाज कुठला ते एकदा ठरव. आता या वयात कवळी बसवल्यापासनं अर्धे आवाज निघतच नाहीत. नातवंडं म्हणतात, आजोबा, घोडा काढा. घोडा निघतो, पण तो शिट्टी वाजवतो.

माझी सगळ्यात चांगली नक्कल होती तितराची. कारण ते पाखरू शेजारीच होतं. मेहबूबचाचा टांगेवाले. त्यांच्याकडं पाळलेला तितर, नाव नवाब. चाचा एकटे, बायको वारलेली, मुलगी हुबळीला दिलेली. रोज पहाटे ते रुळांपलीकडच्या रानात जाऊन वारूळ फोडून वाळवीसकट मातीची ढेकळं आणायचे आणि दारात टाकायचे. मग पिंजरा उघडायचे आणि नवाब बाहेर येऊन वाळवी टिपायचा. पोट भरलं की चाचांच्या मागं मागं चालायचा. लांब ढांगा टाकत चाललेले चाचा आणि त्यांच्या टाचेला लागून पळणारं पाखरू, हे बघायला लोक दुसऱ्या गल्लीतनं यायचे. मी आमच्या पायरीवर बसून कतितर, कतितर अशी हाळी दिली की नवाब तिकडनं तावातावानं उत्तर द्यायचा. जमादार माझ्या मांडीशी टेकून बसलेला असायचा. प्रत्येक हाळीला त्याचे कान उभे राहायचे आणि पुढचा एक पाय हवेत उचलला जायचा. मला त्याची मजा वाटायची. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा करायचो. कुत्र्याला काय शिकवायलोय हे त्या वेळी डोक्यात आलं नाही, आणि आलं तेव्हा ते शिकून झालं होतं.

खरं तर एक गोष्ट मला आधीच माहीत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नरसाक्काची एक कोंबडी गेली होती. गल्लीनं ते मुंगसावर घातलं. मी मात्र परसात जमादारला काहीतरी पुरताना बघितलं होतं आणि ते उकरलंही होतं. लाल पिसं निघाली. मी ती परत पुरली, वर दगड ठेवला, आणि त्या सोमवारी अव्वानं जमादारच्या कपाळाला भस्माचं बोट लावलं तेव्हा मान खाली घालून बसलो. अव्वाला कळलं असतं तर जमादार त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर. आणि जमादार माझा होता. मला दुसरा भाऊ नव्हता.

आप्पांनी मला एकच काम नेमून दिलं होतं: चाचांचा नवाब पिंजऱ्यात परत जाईपर्यंत जमादारची दोरी हातातनं सोडायची नाही. आप्पा मिलमधे जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, माणसावर संशय घेणं हे त्यांचं कामच होतं, त्यामुळं कुत्र्याच्या सोवळेपणावरही त्यांचा फारसा विश्वास नसावा. एका सकाळी मी जमादारला घेऊन नाक्यावर गेलो. हॉटेलात चारसहा मिलवाले बसले होते, हेडमास्तर कर म्हणाले. हेडमास्तर करायला मला दोन्ही हात लागायचे, एक चष्म्याला आणि एक धोतराला. मी दोरी बाकड्याच्या पायात अडकवली. नीट गाठ मारली नाही. लोक हसायलेत म्हटल्यावर मी इन्स्पेक्टरही केला. मागं वळून बघितलं तर बाकड्याला दोरी नव्हती आणि कुत्रंही नव्हतं.

मी पळत गल्लीत आलो. चाचा टांग्याला घोडा जुंपायला मागं गेले होते, राजन्नाची माणसं ताणा बांधून न्याहारीला आत बसली होती. त्यांच्या दारात वाळवीची ढेकळं पसरली होती आणि करडी पिसं वाऱ्यानं ताण्याखाली सरकत होती. आमच्या परसात जमादार दगडाशेजारी, पायाशी मेलेला नवाब घेऊन, उभा होता आणि शेपटी हलवत होता. मी त्याचं तोंड हौदातल्या पाण्यानं धुतलं, आतनं-बाहेरनं, नख्यासुद्धा. पाखरू तिथंच पुरलं. हे सगळं करताना माझे हात एवढे चपळ चालत होते, की आज आठवलं तरी त्या हातांची मला भीती वाटते.

चाचांनी आरडाओरडा केला नाही. ते नुसते नवाब, नवाब म्हणत दारोदार फिरायला लागले, तेव्हा गल्ली गोळा झाली. मग नजरा फिरायला लागल्या. कुणी म्हणालं मांजर, कुणी म्हणालं पलीकडच्या गल्लीतली पोरं, तितर चांगल्या भावाला जातो. हॉटेलवाला चाचांकडंच बघून म्हणाला, पिंजरा उघडा ठेवून जायचं काय कारण. तेवढ्यात ताण्याखालनं नल्ला आळस देत उठला. त्याच्या कांजी केल्यासारख्या अंगावर खळीला सात-आठ करडी पिसं चिकटली होती.

झालं. मच्छी खाणाऱ्या घरचं कुत्रं, अंगावर पिसं, आणखी काय पाहिजे. नरसाक्का नल्लाच्या गळ्यात हात टाकून बसली आणि सांगत राहिली, की पिसं वाऱ्यानं आली, याचे पुढचे दात पडलेत, याला मी भाकरी भिजवून घालते. तोंड उघडून दाखवते म्हणाली. कुणी वाकून बघितलं नाही. कोंबडीची जुनी गोष्टही कुणीतरी काढली, आणि घरच्याच कुत्र्यानं घरची कोंबडी खाल्ली म्हणून लोक चकचक करायला लागले. चाचा मात्र एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. बघत बघत त्यांची नजर आमच्या दारापाशी आली, जमादारवर थांबली. जमादारची हनुवटी ओली होती.

आप्पांनीही ते बघितलं. हळूच म्हणाले, "कुत्र्याचं तोंड का ओलं बे?"

"पाणी प्यालाय," मी म्हणालो. आणि चाचांची नजर जमादारवरनं हलेना, तेव्हा मी पुढं झालो. मी म्हणालो, मी ऐकलं. पहाटे जाताना चाचांच्या दारात गुरगुर ऐकली. कसली, असं कुणीतरी विचारलं. मी काढून दाखवली. नल्लाची गुरगुर वेगळी होती, म्हाताऱ्या माणसानं पान खाऊन बोलावं तशी, दोन ठिकाणी फुटायची आणि शेवटी शिट्टी व्हायची. मी ती अशी काढली की खुद्द नल्लानं मान वर केली. लोक हसले. नरसाक्का हसली नाही. तिनं त्याच्या गळ्यातला हात काढून घेतला आणि म्हणाली, "व्हय. आवाज त्याचाच हाय." आयुष्यात माझ्या नकलेला एवढी मोठी दाद पुन्हा मिळाली नाही.

दर शनिवारी म्युन्शिपालटीचा माणूस लांब चिमटा आणि हातगाडी घेऊन मोकाट कुत्री न्यायला यायचा. नल्लाला त्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं. राजन्नानं त्याला सुतळीनं मागाच्या खुंटाला बांधून ठेवलं. मधे दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत गल्ली बदलली. चाचांनी दाराला कडी घालायला सुरुवात केली. नरसाक्का पाणी भरताना अव्वाच्या शेजारी उभी राहीनाशी झाली. अव्वा म्हणायची, मनात काहीतरी आहे तिच्या, आपल्या कुत्र्यावर डोळा आहे. आप्पा जेवताना माझ्या ताटाकडं बघायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल, हे माझं आवडतं जेवण. तो घास तोंडात फिरत राहायचा. मी आप्पांना कळलंय का हे बघत होतो आणि आप्पा मला कळलंय का की त्यांना कळलंय, हे बघत होते. विचारलं मात्र त्यांनी नाही. मला वाटतं, त्यांनाही भीती होती की मी खरं सांगेन.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी चाचा आमच्याकडं आले. पहिल्यांदाच आमच्या पायरीवर बसले. अव्वानं गूळ आणि पाणी दिलं. जमादार परसाच्या दारात साखळीला होता, डोळे मिटून पडला होता. चाचा बराच वेळ घोड्याच्या नालेबद्दल बोलले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटा, एक काम करता क्या? नवाबका बोल एक बार सुना. पहाटे कान उठता है मेरा, और कुछ हैच नहीं."

मी जमादारकडं बघितलं. मला ठाऊक होतं काय होणार ते. नाही म्हणता आलं असतं, घसा बसलाय म्हणालो असतो. बसलेला घसाही मला चांगला यायचा. चाचा थांबले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मागाला बांधलेला नल्ला तिकडं कण्हत होता ते आमच्या पायरीवर ऐकू येत होतं.

मी हाळी दिली. कतितर, कतितर.

जमादार साखळीसकट उठला. कान उभे, एक पाय हवेत. मग त्यानं अशी झेप घेतली की साखळीनं त्याला उलटा पाडला, तरी तो परत उठला आणि मागं वळून कुंई कुंई करत माती उकरायला लागला. परसात, दगडाशेजारी. दगड कलंडला आणि खालनं करडी पिसं निघाली. अव्वा हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिली.

चाचांनी डोळे उघडले. कुत्र्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "उस दिन गुरगुर निकाली तूने, वो किसकी थी?"

"नल्लाचीच," मी म्हणालो. "पण नल्ला तितं नव्हता."

चाचा उठून गेले. अव्वानं त्या संध्याकाळी जमादारची थाळी मांडली नाही आणि देवापुढंही बसली नाही. ती नुसती चुलीसमोर बसून राहिली, फसवल्या गेलेल्या माणसासारखी. मग म्हणाली, उद्या याला दुधनीला पाठवा, माझ्या भावाच्या शेतावर, मला हे दारात नको. मीही मनात म्हणालो, चालेल, जिवंत तरी राहील. आप्पा विडी पेटवत होते, ती तशीच विझली.

"तितं काय कोंबड्या न्हाईत व्हय?" ते म्हणाले. "आपल्या कुत्र्याचे दात तुझ्या भावाच्या शेजाऱ्याच्या दारात न्यून टाकायचे? कुत्रं आपलं हाय. दात बी आपलेच. हितंच ऱ्हाईल, आनि आपुन धरून ठिवायचं." मग माझ्याकडं वळले. "उद्या गाडी यायच्या आत नरसाक्काकडं जायचं. मी मागं उभा ऱ्हातो. बोलायचं तू."

शनिवारी पाजणी चालू होती. मी वाकून ताण्याखालनं पलीकडं गेलो, डोक्यावर खळ घेऊन. सगळी गल्ली होती, कारण गाडीची वाट बघत होती. मी सांगितलं: कोंबडी जमादारनं खाल्ली, तितर जमादारनं मारला, दोरी मी सोडली, पाखरू मी पुरलं, गुरगुर मी बनवली. एका दमात सांगितलं. मग हॉटेलवाला हसला. त्याला वाटलं मी कुणाची तरी नक्कल करायलोय, पुढं गंमत येणार. आणखी दोघं हसले. एकजण म्हणाला, लिंगायताचं कुत्रं तितर खातंय म्हणे, मार अजून थापा. मी कितीही सांगितलं तरी ते हसतच होते. कुणाला खरं वाटेना. तेव्हा मी पहिल्यांदा लोकांसमोर रडलो, आणि रडलो तर एक म्हणाला, बघा, रडणंसुद्धा कसं काढतोय.

नरसाक्का पुढं आली. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "पिल्लगाडा," ती तेलुगूत पोराला म्हणतात तसं म्हणाली, "हे कोन बोलायलंय आता?"

"मीच," मी म्हणालो.

तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. तिनं मागं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी होकाराची मान हलवली. मग तिनं आत जाऊन नल्लाची सुतळी सोडली. गाडीवाला आला तेव्हा ताण्याखाली नल्ला खळ चाटत पडला होता, आणि आमच्या दारात जमादारच्या गळ्यात साखळी होती. साखळीचं दुसरं टोक मी मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. गाडीवाल्यानं विचारलं कुठलं कुत्रं. आप्पांनी सांगितलं, मोकाट कुत्रं हितं एकबी न्हाई.

आप्पा चाचांना दुसरा तितर आणून देतो म्हणाले. चाचांनी नको म्हटलं. पाखरू दुसऱ्यानं आणून द्यायचं नसतं, एवढंच बोलले. पुढं दोनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच एक पिल्लू धरून आणलं, पण पिंजरा आमच्या बाजूला कधी टांगला नाही. मी त्याची हाळी शिकलो नाही. शिकायचीच नाही असं ठरवावं लागलं, कारण कान ऐकायचा थांबत नाही.

राजन्नानं मागाच्या जाड सुतळीचं मुसकं विणून दिलं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. त्यातनं जमादारला पाणी पिता यायचं, जीभ बाहेर काढता यायची, दात लावता यायचे नाहीत. रोज सकाळी ते बांधून त्याला बाहेर काढायचं काम माझं. अव्वा त्याला परत भाकरी घालायला लागली, सोमवारीसुद्धा, सकाळीच. गल्ली हळूहळू आपापल्या जागी आली. लोक परत नक्कल करायला सांगायला लागले, मीही करायला लागलो. नरसाक्काशी बोलणं सुरू झालं, सणाला तिच्याकडनं चिंचेचा भात यायला लागला.

तेवढं एक सोडून. मी जमादारला घेऊन तिच्या दारावरनं निघालो की ती हातातलं काम टाकून उठायची. बांधलंय का, असं ती मला कधीच विचारायची नाही. सरळ वाकायची, मुसक्याच्या आत दोन बोटं घालून ओढून बघायची, गाठ हलवून बघायची, आणि मग बाजूला व्हायची. जमादार मरेपर्यंत सात वर्षं, एक दिवस चुकला नाही. मला त्याचा राग यायचा. नंतर नंतर मी तिच्या दारासमोर आपणहून थांबायला लागलो.